चावडीतली पाटी, वेशीतले वीरगळ आणि नवं स्मारक

चावडीवाला (धागाकर्ता)

सातारा जिल्ह्यातलं आमचं गाव. नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढं जे लिहितोय त्यात भावकीतलीच माणसं आहेत.

जुन्या चावडीच्या भिंतीत हातभर लांबीची एक पांढरी संगमरवरी पाटी आहे. लहानपणी तिला पाठ लावून आम्ही गोट्या खेळलो, पण वाचली ती नववीत, जरा इंग्रजी जमायला लागल्यावर. मजकूर एवढाच : या गावातून ११ पुरुष महायुद्धावर गेले, १९१४–१९१९, त्यांपैकी ३ जणांनी प्राण दिले. संपलं. नाव एकाचंही नाही. कुठल्या पलटणीत होते, कुठं पडले, काही नाही. नंतर कळलं की हा सरकारी साचाच होता. पंजाबात, आपल्याकडं, दक्षिणेत, जिथून जिथून भरती झाली त्या गावांत हेच वाक्य लागलं, फक्त आकडे बदलले.

दुसरी गोष्ट म्हणजे वेशीबाहेर मारुतीच्या देवळामागं उभे असलेले चार वीरगळ, म्हणजे झुंजीत पडलेल्यांच्या आठवणीचे कोरीव दगड. त्यातल्या दोघांवर शेंदराचा इतका थर आहे की म्हातारी माणसं त्यांना म्हसोबा म्हणूनच नारळ फोडतात. उरलेल्या दोघांवर शिल्प नीट दिसतं. खाली आडवा पडलेला माणूस आणि गाई, त्याच्या वर ढाल-तलवारीची झुंज, त्याच्या वर त्याला दोन्ही बाजूंनी धरून नेणाऱ्या अप्सरा, सगळ्यात वर शिवलिंगापुढं हात जोडून बसलेला तोच माणूस. माथ्याला चंद्र-सूर्य.

आता मुद्दा. गावात नवं स्मारक बांधायचं ठरलंय. आराखडा आलाय : चकचकीत काळा ग्रॅनाइट, उलटी रोवलेली रायफल, तिच्यावर हेल्मेट, भोवती कारंजं आणि स्टीलचं रेलिंग. इथपर्यंत माझं काही म्हणणं नाही. पण 'जुनं सगळं एका जागी आणू' म्हणून वीरगळ उपटून चौथऱ्याला सिमेंटनं चिकटवायचे आहेत, आणि पाटी काढून, पॉलिश मारून, दर्शनी भागात बसवायची आहे. मी बैठकीत विरोध केला तर 'मग तूच सांग कसं करायचं' असं उत्तर मिळालं. ते खरं तर रास्त आहे. म्हणून इथं आलो.

दोन प्रश्न आहेत. या जुन्या गोष्टींना हात न लावता नवं स्मारक कसं असावं? आणि ती तीन माणसं कोण, हे आज शोधता येईल का?

---

रानफूल

छान विषय. वाचतेय.

---

शिळाप्रेमी

सगळ्यात आधी : वीरगळ उपटू देऊ नका. ते कुठं उभे आहेत हाही त्या दगडाचाच मजकूर असतो. वेशीवर असेल तर बहुधा गावाच्या रक्षणात पडलेला, देवळाजवळ असेल तर कुणीतरी तिथं नंतर आणून मांडलेला असाही अंदाज करता येतो. सिमेंटमध्ये रोवला की खालचा अर्धा थर गेलाच. शिवाय मागची बाजू बघितलीत का? काही वीरगळ चारही बाजूंनी कोरलेले असतात. भिंतीला चिकटवले तर तीन बाजू कायमच्या बुजल्या.

शब्द कानडी आहे, 'वीरकल्लु', म्हणजे वीराचा दगड. वाचायचा खालून वर, तुम्ही लिहिलंय तसाच. खालच्या पट्टीत गाई असतील तर जनावरं पळवून नेणाऱ्यांशी झालेली झुंज. चंद्र-सूर्य म्हणजे ते आकाशात आहेत तोवर याची कीर्ती राहो. कर्नाटकातल्या वीरगळांवर बरेचदा लेख सापडतो, कोण, कधी, कुणासाठी मेला ते. आपल्याकडचे बहुतेक मुके. त्यामुळं पोराटोरांना 'हा अमुक सरदार' अशा गोष्टी रंगवून सांगू नका, प्लीज. माहीत नसलेल्या माणसाला चुकीचं नाव चिकटवणं हे नाव नसण्यापेक्षा वाईट.

जमलं तर वाई तालुक्यातल्या किकलीला जाऊन या. भैरवनाथाच्या देवळाच्या आवारात इतके वीरगळ आहेत की एका दिवसात बघून होत नाहीत. आणि मुंबईत बोरिवलीजवळ एक्सरला सहा आहेत, त्यांतल्या चारांवर चक्क आरमारी लढाई आहे. वल्ह्यांची ओळ लावलेली गलबतं, एकमेकांना भिडलेली. यादव महादेव आणि शिलाहार सोमेश्वर यांच्यातल्या १३व्या शतकातल्या लढाईशी अनेक अभ्यासक ते जोडतात.

---

खडूस_वाचक

थोडा कडू प्रश्न विचारतो. वीरगळ ठीक, तो माणूस गावाच्या गाईंसाठी मेला. पण १९१४ ला गेलेले कुणासाठी लढले? इंग्रजांच्या साम्राज्यासाठी, इराकच्या वाळवंटात. त्यांना 'शहीद' म्हणून नव्या स्मारकावर घ्यायचं का? आधी याचं उत्तर ठरवा, मग ग्रॅनाइटचा रंग निवडा.

---

निवृत्त_सुभेदार

खडूस, प्रश्न कडू असला तरी खोटा नाही. पण त्या काळचा सातारा-रत्नागिरीचा माणूस पलटणीत का गेला ते बघा. शिपायाला महिना ११ रुपये पगार. कोरडवाहू दोन बिघे, मागं दुष्काळ आणि प्लेग बघितलेलं घर. मनिऑर्डर हाच घरातला एकमेव नगद पैसा. त्यात मुकादमानं, पाटलानं, वरच्या साहेबानं टाकलेला दबाव वेगळाच. राजासाठी मरायला फार थोडे गेले असतील, माझ्या मते.

गेले ते कुठं, तर बहुतेक मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात. पहिली गेली ती सहावी डिव्हिजन, हिचं नावच पूना डिव्हिजन. तिच्यात १०३, ११० आणि ११७ मराठा पलटणी होत्या. या तिन्ही कुत-अल-अमारा इथं कोंडल्या गेल्या. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६, जवळजवळ पाच महिन्यांचा वेढा. शेवटी शरणागती, आणि मग कैद्यांची वाळवंटातून पायपीट. लढाईत मेले त्याहून जास्त जण भुकेनं आणि रोगानं गेले असतील, पण पाटीवर सगळ्यांना एकच क्रियापद : प्राण दिले. दिले कसले, गेले.

१११ महार ही पलटणही १९१७ ला उभी केली होती. युद्ध संपल्यावर १९२१ ला मोडून टाकली. तेव्हा पाटीवरचे पुरुष फक्त एकाच आळीचे असतील असं धरून शोध घेऊ नका. भिस्ती, खेचरं हाकणारे, स्वयंपाकी, डोली उचलणारे हेही 'गेलेल्यां'त मोजले जायचे.

---

खडूस_वाचक

सुभेदारसाहेब, पटलं. 'शहीद' शब्द नको, पण नाव पाहिजे, असं म्हणूया.

---

गोदाकाठ

आमच्याकडं नाशकात धुळवडीला वीर निघतात. ज्या घरात पूर्वी कुणी लढाईत पडलंय त्या घरच्या देव्हाऱ्यातला वीराचा टाक घेऊन वाजतगाजत गोदावरीवर नेतात. माझ्या आजोळी तो टाक चांदीचा, अंगठ्याएवढा, घोड्यावर बसलेला माणूस. कोण, कधीचा, कुणालाच माहीत नाही, तरी दरवर्षी त्याला आंघोळ. स्मारक म्हटलं की मला आधी तो टाक आठवतो. तुमच्या गावातल्या देव्हाऱ्यांमध्ये विचारून बघा, एखाद्या घरात मेडल टाकाशेजारी ठेवलेलं सापडेल.

---

चावडीवाला

गोदाकाठ, हे डोक्यातच आलं नव्हतं! विचारतो.

आज पाटी ओल्या फडक्यानं पुसली. अक्षरांत काळा ऑइलपेंट भरलाय, शाळेच्या रंगकामातला उरलेला असावा. भोवती चुन्याचे पापुद्रे. मला एक शंका येतेय. ११ मधला दुसरा एक आणि पहिला एक यांची जाडी सारखी नाही. माझ्याच डोळ्यांचा दोष असेल. रात्री लाइट बंद करून बाजूनं टॉर्च मारला, काही वेगळं दिसलं नाही.

---

शिळाप्रेमी

टॉर्च कुठल्या बाजूनं? डावी-उजवीकडून मारलात ना? त्यानं फक्त उभ्या रेघांची सावली पडते. आडवी खाच बघायची असेल तर टॉर्च पाटीच्या वरच्या कडेला, दगडाला जवळजवळ टेकवून, खाली तोंड करून धरा. मग खालून वर. प्रत्येक वेळी फोटो काढा. फोन हलता कामा नये, स्टुलावर ठेवा.

आणि ऑइलपेंट खरवडू नका. टोकदार काही नको, तारेचा ब्रश नको, आणि अॅसिड तर अजिबात नको. बाथरूमच्या फरशीला लावतात ते एक बाटलीभर ओतलंत तर संगमरवर फसफसून त्याची कडा विरघळेल. चुना आणि संगमरवर मुळात एकाच जातीचे, एकाला खाणारं अॅसिड दुसऱ्याला सोडत नाही. साधं पाणी, मऊ दात-ब्रश, लाकडी पट्टी. बस.

म्हणूनच 'पॉलिश मारून बसवू' याला माझा सक्त विरोध. पॉलिश म्हणजे वरचा थर घासून काढणं. शंभर वर्षांच्या उथळ अक्षरांत घासायला उरलंय काय?

---

नकाशेवाली

व्यवसायानं वास्तुरचनाकार आहे, म्हणून पहिल्या प्रश्नावर बोलते.

स्मारक म्हणजे उंच काहीतरी, ही सवय आपल्याला स्तंभांनी लावली. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ बघा, १८२१ ला पायाभरणी झालेला. पण त्याची खरी गंमत उंचीत नाही. त्यावर कंपनीच्या पडलेल्या ४९ जणांची नावं आहेत आणि त्यांतली २२ महार शिपायांची, 'नाक' शेवट असलेली. म्हणजे १८१८ च्या लढाईतल्या साध्या शिपायाचं नाव दगडावर आलं, आणि शंभर वर्षांनी तुमच्या चावडीत फक्त ३ हा आकडा आला. राज्य तेच इंग्रजांचं.

दिल्लीचं इंडिया गेट ल्युटेन्सनं केलं, १९२१ ला पायाभरणी, १९३१ ला उद्घाटन. त्यावर तेरा हजारांहून जास्त नावं आहेत. पण हिंदुस्थानची त्या युद्धात ७४ हजारांच्या आसपास माणसं गेली. फ्रान्समधल्या नव शापेलच्या स्मारकावर चार हजार सातशेहून अधिक हिंदी नावं कोरली आहेत. आणि इराकातल्या बसऱ्याला, जिथं मेसोपोटेमियात पडलेल्यांचं स्मारक आहे, तिथं भिंतीवर गोऱ्यांची नावं, हिंदी अधिकाऱ्यांची नावं, आणि साध्या हिंदी शिपायांचा पलटणीनुसार नुसता आकडा. राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगानं, म्हणजे ही स्मारकं सांभाळणाऱ्या संस्थेनं, २०२१ ला स्वतःच्याच अहवालात हा भेद झाल्याचं कबूल केलं. तुमची चावडीतली पाटी ही त्या बसऱ्याच्या भिंतीची गावठी प्रत आहे.

त्यामुळं माझ्या मते तुमच्या नव्या स्मारकाचं काम एकच : नावं. बाकी सगळं त्याच्या सोयीनं.

आता प्रत्यक्ष. पाटी चावडीतच राहू द्या, वीरगळ देवळामागंच. नवं स्मारक दोन्हींच्या मधल्या वाटेवर, डोळ्यांच्या उंचीला येईल एवढीच भिंत. काळ्या पाषाणाची, म्हणजे तुमच्या वीरगळांचाच दगड, घोटलेला पण आरसा न केलेला. चकचकीत ग्रॅनाइटवर दुपारी स्वतःचंच तोंड दिसतं, नाव दिसत नाही. अक्षर कोरीव हवं, रंगवलेलं नको. रंग उडतो आणि मग कुणीतरी उरलेला ऑइलपेंट घेऊन येतो, तुम्ही बघताच आहात. नावं मराठीत, हुद्द्याच्या उतरंडीनं नाही तर गेल्याच्या सालानं लावा. आणि भिंतीचा निदान तिसरा हिस्सा कोरा ठेवा. हे सांगायला जड जातं, पण तुमचं गाव अजून पोरं पाठवतंय.

कारंजं रद्द करा. दोन वर्षांत त्याचा मोटरपंप जळतो आणि हौदात गुटख्याच्या पुड्या तरंगतात. त्याऐवजी भिंतीच्या बुडाशी पाणी साचणार नाही एवढा उतार आणि बसायला एक लांब कट्टा.

---

निवृत्त_सुभेदार

नकाशेवाली ताई, उलट्या रायफलीबद्दल एक. ती सैनिकांना प्रिय आहे, सहज काढू नका. १९७१ नंतर इंडिया गेटखाली अमर जवान ज्योतीवर ती आली आणि मग गावोगाव पोचली. आता ती ज्योत राष्ट्रीय युद्धस्मारकात नेऊन मिळवली, २०२२ ला. गावातल्या ज्या आईचा पोरगा गेलाय तिला ती रायफल ओळखू येते. नुसती भिंत तिला परकी वाटेल.

---

नकाशेवाली

बरोबर. मग रायफल भिंतीत उथळ कोरूया, फायबरचा पुतळा नको. फायबर उन्हानं तडकतं आणि हेल्मेटला दरवर्षी वेगळा हिरवा रंग लागतो. आणि राष्ट्रीय स्मारकाचा विषय काढलात तर तिथलं त्यागचक्र बघा. ग्रॅनाइटच्या एकेका विटेवर एकेका जवानाचं नाव. २०१९ ला उघडलं तेव्हा २५,९४२ नावं होती. पण ती स्वातंत्र्यानंतरची. चावडीवाल्यांचे तिघे तिथं नाहीत. गावानं नाही घेतलं तर त्यांना दुसरी जागा नाही.

---

मूषकराज

२०२३ ला 'माझी माती माझा देश'मध्ये प्रत्येक ग्रामपंचायतीत शिलाफलक लागला होता ना, वीरांच्या नावांचा? तुमच्याकडं त्यावर कुणाची नावं आहेत?

---

चावडीवाला

मूषकराज, चांगलं आठवण केलंत. लागलाय. त्यावर स्वातंत्र्यानंतरची दोन नावं आहेत. पहिल्या युद्धातल्यांचं तेव्हा कुणाला सुचलंच नाही, मलाही नाही.

---

कागदी_किडा

दुसऱ्या प्रश्नाकडं येतो. नावं शोधता येतात. भिंतीवर नसली तरी युद्धसमाधी आयोगाच्या नोंदवहीत हिंदी शिपायांची नावं आहेत आणि ती ऑनलाइन फुकट चाळता येतात. आपल्याकडच्या बऱ्याच नोंदींत पलटण, नंबर, मृत्यूची तारीख, आणि 'अमक्याचा मुलगा, अमुक गाव, अमुक तालुका, सातारा, मुंबई' असा पत्ता असतो.

अडचण स्पेलिंगची. गोऱ्या कारकुनानं ऐकलं तसं लिहिलंय. मराठा हा शब्दच 'महरट्टा' असा आहे, मग गावाचं काय झालं असेल कल्पना करा. ळ चा ल, ण चा न, व चा डब्ल्यू किंवा व्ही, शेवटचा 'ें' कुठंतरी गायब. गावाचं नाव टाकून मिळालं नाही तर फक्त तालुका टाका आणि सगळी यादी डोळ्यांखालून घाला. कंटाळवाणं काम आहे, पण चहा ठेवा आणि बसा.

तालुक्यातही फसगत होते. तेव्हाचा सातारा जिल्हा मोठा, वाळवा, तासगाव, खानापूर त्यातच. १९४९ ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याचं सांगली हे नाव १९६० चं. उलट औंध, फलटण ही संस्थानं, ती वेगळी.

शिवाय पाटीवरचा आकडा आणि नोंदवही जुळेलच असं नाही. आयोग ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ पर्यंतचे मृत्यू धरतो. पाटी १९१९ ला थांबते. घरी येऊन १९२० मध्ये दुखण्यानं गेलेला माणूस एकीकडं असेल, दुसरीकडं नसेल.

---

रानफूल

बाळबोध शंका. युद्ध १९१८ ला संपलं ना? मग पाटीवर १९१९ का?

---

कागदी_किडा

तोफा ११ नोव्हेंबर १९१८ ला थांबल्या. ती शस्त्रसंधी. जर्मनीशी झालेला व्हर्सायचा तह २८ जून १९१९ चा. इंग्लंडातल्या कित्येक गावांच्या स्मारकांवरही १९१४–१९१९ असंच आहे. त्यात १९१९ मध्ये अफगाण युद्धही झालं, तिकडं गेलेले वेगळे.

---

चावडीवाला

तीन आठवड्यांनी धागा वर काढतोय. बरंच घडलं.

आधी टॉर्च. शिळाप्रेमींनी सांगितलं तसा वरच्या कडेला टेकवून खाली मारला. चुलतभावानं फोन धरला. दुसऱ्या एकच्या डोक्यावर एक बारीक आडवी सावली पडली, डावीकडं जाणारी. खालून मारला तर तीच खाच उजळली. तो एक नाही, सात आहे. खाच चुन्यानं भरून गेली होती आणि रंगाऱ्यानं दिसलं तेवढंच रंगवलं. ११ नव्हेत, १७ जण गेले होते. सहा माणसं एका ब्रशानं गायब झाली आणि आम्ही चाळीस वर्षं ११ म्हणत आलो. तीनचा आकडा मात्र तीनच आहे, चारही बाजूंनी तपासला.

फोटो घेऊन बैठकीत गेलो. सगळ्यांना तो आधी दाखवला, मग बोललो. पॉलिशचा विषय तिथंच मिटला. वीरगळ हलणार नाहीत, हे लिहून घेतलंय. दोन शेंदरी दगडांना हात लावायचा नाही यावरही एकमत झालं, त्यांची पूजा चालू आहे आणि चालू राहील. कारंज्यावर अजून भांडण आहे. रेलिंगवरही. भिंतीचा दगड काळा पाषाण घ्यायचा की ग्रॅनाइट, याचे भाव मागवलेत.

गोदाकाठ, देव्हारे विचारून झाले. टाकाशेजारी मेडल कुठंच नाही. पण एका घरात पितळी पेटीत मनिऑर्डरची पावती निघाली, अक्षर पुसलेलं. त्या आजी म्हणाल्या, 'आमचा एक बसऱ्याला गेला होता म्हणायचे.' एवढंच. नाव त्यांनाही सांगता येईना.

मग कागदी_किडा म्हणाले तसं तालुका टाकून यादी काढली. चौथ्या रात्री आमच्या गावाचं नाव दिसलं. ळ चा ल, मधलं एक अक्षर खाल्लेलं, पण आमचंच. ११७ मराठा, बसरा स्मारक, बापाचं नाव, आडनाव. आडनाव त्या आजींच्या घराचं आहे.

इथं नाव लिहीत नाही. उद्या सकाळी त्यांच्याकडं जातोय, आधी त्यांना वाचून दाखवतो. उरलेल्या दोघांसाठी यादीची आणखी बरीच पानं बघायची आहेत. कुणी वाटून घेणार असेल तर सांगा.

---

कागदी_किडा

मी घेतो. कुठल्या पानापासून?

---

रानफूल

मीही. स्पेलिंगचा तो ळ-ल चा तक्ता कुणीतरी इथं टाका.